मालकाचे नाव

"नाव?"

"ब्रूनो."

"ते पुढच्या रकान्यात. आधी तुमचं सांगा."

समोरचे गृहस्थ ओशाळं हसतात आणि आपलं नाव सांगतात. ब्रूनो नावाचा लॅब्रेडॉर तोवर माझ्या टेबलाखाली शिरून चपलांचा वास घेतो आहे. त्याचं वजन चाळीस किलोच्या पुढं गेलेलं असावं. कंबर अशी उरलेलीच नाही.

भंडाऱ्यातल्या खात रोडच्या आतल्या अंगाला असलेल्या एका वसाहतीतल्या समाजभवनाचा हा व्हरांडा. रविवार, २८ सप्टेंबर २०२५, जागतिक रेबीज दिन. शेजारच्या मैदानात देवीचा मंडप आहे आणि मंडळाच्या पोरांनी यंदा गरब्याच्या जोडीला हाही कार्यक्रम घेतला आहे : कुत्र्यांना मोफत लस. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आल्या आहेत, सोबत एक परिचर आणि बर्फाच्या पिशव्या भरलेला निळा डबा. लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे. आकाश भरून आलंय, वारा पडलाय, घामानं सदरे पाठीला चिकटलेत, आणि परिचर दर थोड्या वेळानं डब्याचं झाकण नीट बसलंय का ते दाबून पाहतो. अक्षर बरं म्हणून पोरांनी मला रजिस्टरवर बसवलं आहे. रकाने आखलेले आहेत : अनुक्रमांक, मालकाचे नाव, पत्ता, मोबाइल, प्राण्याचे नाव, जात, लिंग, वय, आधीची लस, शेरा.

दुसऱ्याच रकान्यावर सगळं अडणार आहे, हे मला अजून माहीत नाही.

ब्रूनोला टेबलावर चढवायचं म्हणजे तिघांचं काम. एकानं पुढचे पाय, एकानं मागचे, आणि मालकानं तोंडाशी बिस्किटाचा पुडा. डॉक्टरबाई मानेवरची सैल कातडी चिमटीत धरतात, सुई आत, सुई बाहेर. ब्रूनोला कळायच्या आत झालेलं असतं. त्याचं लक्ष पुड्यावर.

"काय खाऊ घालता?"

"दूध-भात मॅडम. आणि पोळी. आणि आम्ही जे खातो ते."

"तुम्ही जे खाता ते बंद करा."

"तो मागते ना जी. आम्ही जेवायले बसलो का पाहत राहते."

"पाहू द्या."

भंडारा हा धानाचा जिल्हा. इथल्या कुत्र्याचं पोट पिढ्यान्‌पिढ्या भातावर भरत आलंय, रात्रीचा उरलेला भात आणि त्यावर वरणाचं पाणी. पण तो कुत्रा दिवसभर गल्लीत, बांधीत, तलावाच्या पाळीवर फिरायचा, आणि खाल्लेलं जिरवायचा. ब्रूनोचं जग म्हणजे साडेसातशे चौरस फूट, त्यात सोफा, टीव्ही आणि एक गॅलरी. सकाळी खांब तलावाकडं एक फेरी, संध्याकाळी कॉलनीतल्या रस्त्यावर एक. पाऊस लागून बसला की तीही नाही. आहार मात्र खेड्यातला.

रांग आता फाटकाबाहेर गेली आहे. पट्टे, साखळ्या, सुताच्या दोऱ्या, आणि एकाकडं चक्क जुनी टाय. पांढरी पॉमेरेनियन कडेवर घेतलेल्या एक बाई, तिच्याकडं बघून गुरगुरणारा जर्मन शेफर्ड, त्या गुरगुरण्याला घाबरून मालकाच्या दोन पायांमध्ये लपलेलं देशी पिल्लू. भुंकणं एकानं सुरू केलं की सगळे उचलून धरतात, मग मंडपातला लाऊडस्पीकरही ऐकू येत नाही. रांगेतलाच एक म्हातारा मोठ्यानं म्हणतो, "दत्ताच्या पायाशी चार आहेत, त्यायले कोनं लस देल्ली?" लोक हसतात. डॉक्टरबाई मान वर न करता म्हणतात, "त्यांचे मालक स्वतः हजर आहेत, बाबाजी. तुमचा कुठाय?"

म्हातारा रिकाम्या हातानंच आलेला आहे. नुसता बघायला. माझ्या अंदाजानं निम्मी गर्दी बघ्यांचीच.

पुढचा नंबर एका हस्कीचा आहे. राखाडी-पांढरा, एक डोळा निळा. सायबेरियातल्या बर्फावर घसरगाडी ओढणाऱ्यांचा हा वंशज, आणि हा भंडारा, मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास घुटमळतो. धरून आणणारा कॉलेजातला मुलगा आहे. तो सांगतो की उन्हाळ्यात याच्यासाठी एक खोली दिवसभर एसीवर असते, वीज गेली की ओला टॉवेल टाकून फरशीवर निजवतात, आणि फिरायला पहाटे पाचच्या आत किंवा रात्री दहानंतर. वडील मागं उभे आहेत. ते काहीच बोलत नाहीत. विजेचं बिल तेच भरत असणार.

"केस कापून टाकू का मॅडम उन्हाळ्यात? पूर्ण?"

"अजिबात नाही. त्याच केसांनी ऊन अडतं. नुसते विंचरा, गळतात ते काढा. आणि हे बघा," डॉक्टरबाई हस्कीचा कान उलटा करतात. आत करड्या रंगाचे फुगलेले दाणे. "गोचीड. याच्यामुळं ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कुत्रं खाणं सोडतं. लोक म्हणतात नजर लागली."

मुलगा कानात बोट घालायला जातो. "हातानं चिरडू नको रे," परिचर त्याचा हात धरतो. "घरी औषध लावजो, देते लिहून बाई."

त्याच्यामागं नवरा-बायको आहेत, दोघंही तिशीच्या आतले, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात एक पिल्लू. नागपूरहून आणलंय. विकणाऱ्यानं दोन महिन्यांचं सांगितलं. डॉक्टरबाई ओठ वर करून दात बघतात आणि सांगतात की जेमतेम दीड महिन्याचं आहे, आईपासून लवकर तोडलंय. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. त्याआधी सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पार्वो-डिस्टेंपरची, मग तिचे पुढचे डोस. तोवर रस्त्यावर उतरवायचं नाही, दुसऱ्या कुत्र्यांत सोडायचं नाही.

"आणि पार्वो झालाच तर?" नवरा विचारतो.

"उलट्या, रक्ताची हगवण. मग वेळ घालवायचा नाही. सलाइन लागतं. जास्त असलं तर नागपूरला न्यायचं."

नागपूरला न्या. भंडाऱ्यात माणसाच्या दुखण्यावर हेच ऐकायला मिळतं आणि कुत्र्याच्याही. साठेक किलोमीटरवर, सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर १९५८पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तपासण्यांची आणि मोठ्या शस्त्रक्रियांची सोय तिथं. गायी-म्हशींसाठी जिल्ह्यात दवाखान्यांचं जाळं आहे, तालुक्यात आहे, मोठ्या गावांत आहे, कारण सरकारी पशुवैद्यक उभा राहिला तो शेतकऱ्याच्या गोठ्यासाठी. घरात सोफ्यावर झोपणारं जनावर त्या व्यवस्थेच्या हिशेबात नव्हतं. ते आलं मागून, आणि आता रविवारी सकाळी सगळं एकदम रांगेत उभं आहे.

पिल्लाची नोंद मी करतो, शेऱ्यात लिहितो : वय कमी. खोक्यातून एक पाय बाहेर येतो आणि रजिस्टरच्या कडेवर ओला ठसा उमटतो.

मग एक आजी येतात. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात दोरी, आणि दोरीच्या टोकाला तांबूस रंगाची, कान फाटलेली देशी कुत्री. राणी. ती स्वतःच टेबलावर उडी मारून उभी राहते. पोरं टाळ्या वाजवतात.

"आधी लस झाली का आजी?"

"दर वरसी करतो बाई. पुरापासून."

पूर म्हटलं की इथं वर्ष सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०२०च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि वैनगंगा शहरात शिरली. आजींचं घर खालच्या भागात. सांगतात त्या हातवारे करत, आणि रांग थांबून ऐकते. नाव आली तेव्हा नाववाले म्हणाले माणसं चढा, कुत्रं नको, भ्यालेलं जनावर उडी मारेल नि सगळ्यांना बुडवेल. आजींनी मुलाला आणि सुनेला पाठवलं. स्वतः स्लॅबवर राहिल्या. "तवा हे एवढीशी होती. पोत्यात घातली न बसली. पानी उतरल्यावरच खाली आलो."

"आणि मुलगा काही बोलला नाही?"

"बोलला ना! अजूनही बोलते."

नाववाल्याचं चुकलं असं मला वाटत नाही. भरल्या नावेत बिथरलेलं कुत्रं म्हणजे जोखीमच. पण आजींनी एका क्षणात जो हिशेब केला तो या रजिस्टरमधल्या फार थोड्या लोकांनी केला असता. मी मालकाच्या रकान्यात त्यांचं नाव लिहितो. हे नाव लिहिताना कुठलीही शंका येत नाही.

शंकेची नावं पुढं आहेत. एक शिक्षक दांपत्य आपल्या मोतीला घेऊन येतं. सहा वर्षांचा, शांत, लांब केसांचा. लस होते. सही करताना गुरुजी हळूच विचारतात, "कुणाले पाहिजे असंल तर लिहून घेता का इथं? आमची बदली झाली. तिकडं भाड्याचं घर पाहिलं, मालक म्हणते कुत्रं चालनार नाही."

जिल्ह्याच्या ठिकाणी हे नवीन नाही. कचेऱ्या, शाळा, बँका, पोलीस, सगळीकडं बदलीची माणसं. तीन वर्षं झाली की ट्रक लागतो. फ्रिज जातो, पलंग जातो, तुळशीची कुंडीसुद्धा जाते. कुत्रा कधी शेजाऱ्याकडं जातो, कधी नुसताच मागं राहतो, आणि काही दिवस बंद फाटकाशी बसून मग चौकातल्या टोळीत मिसळतो. या वसाहतीत फिरणाऱ्या कुत्र्यांकडं नीट पाहिलं तर दोन-तीन तोंडं विलायती दिसतात, जर्मन शेफर्डचे कान, लॅब्रेडॉरची शेपटी. ती आकाशातून पडलेली नाहीत. अपार्टमेंटच्या सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ साली लिहून ठेवलं आहे. भाडेकरूला त्या कागदाचा उपयोग नाही. घरमालकाला 'नाही' म्हणायला कारण लागतं कुठं?

गुरुजींच्या बायकोनं मोतीच्या पट्ट्याला धरलेला हात सोडलेला नाही. मंडळातला एक पोरगा मोबाइलवर मोतीचा फोटो काढतो. "टाकतो काकू ग्रुपवर. भेटंल कोनी."

ऊन-सावलीचा खेळ चाललाय. डब्यातला बर्फ अर्धा विरघळलाय, परिचर मंडपातल्या शीतपेयाच्या पेटीतून आणखी मागवतो. एवढ्यात फाटकाशी एक मोटारसायकल थांबते, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. कोक्याच्या जंगलाकडच्या एका खेड्यातून रोज शहरात दूध घालणारे दादा आहेत. कुत्रे आणलेले नाहीत, चौकशी करायला आलेत : गावात येता का, आमच्याकडं चार आहेत.

"होते सहा," ते म्हणतात. "दोन बिबट्यानं नेले. एक तर अंगनातून, आम्ही टीव्ही पाहत बसलो होतो तवा. आता रात्री गोठ्यात कोंडतो न कडी लावतो. आमच्या इकडं कुत्रा राखन नाही करत, आमालेच कुत्र्याची राखन करा लागते."

डॉक्टरबाई सुई खाली ठेवून त्यांच्याशी बराच वेळ बोलतात. मला आधी नवल वाटतं, इथं रांग खोळंबली आहे. पण त्यांचं म्हणणं ऐकू आल्यावर लक्षात येतं. कोका अभयारण्याच्या आणि नागझिऱ्याच्या काठच्या गावांतल्या कुत्र्यांना डिस्टेंपर झाला तर तो कुत्र्यांपुरता राहत नाही. २०१८ साली गीरमध्ये तीनेक आठवड्यांत वीसच्या वर सिंह मेले, त्यांतल्या काहींत हाच विषाणू सापडला. बिबट्या कुत्रा खातो, तेव्हा त्याच्या रोगाचाही वाटेकरी होतो. "तुमचे चार आणि गावातले सगळे. यादी करा, मी येते," त्या म्हणतात. दादा कॅनचं झाकण घट्ट करत विचारतात, "सगळ्यायची यादी? मालक कोन लिहू जी? गावाचे हायेत ते."

हा प्रश्न ते सहज विचारून जातात आणि नेमका त्याच वेळी फाटकातून लाल्या आत आणला जातो.

आणला म्हणजे ओढला. दोघांनी धरलेल्या पोत्याच्या सुतळीचा फास, मागं चार पोरं, आणि पुढं पाय रोवून बसणारा विटकरी रंगाचा, जाड मानेचा कुत्रा. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी तो असतो. सगळ्यांना माहीत आहे. मलाही. सकाळी टपरीवाले भाऊ त्याला पहिल्या घाण्याची मोडकी टोस्टं टाकतात, दुपारी बँकेतून निवृत्त झालेले साहेब दही-भात, रात्री पिवळ्या इमारतीतल्या दोघी बहिणी चिकनच्या दुकानातून आणलेले पाय उकडून. वर्गणी न काढता चाललेला संसार.

त्याच्या मागोमाग एक बाई येतात. चाळिशीच्या आतबाहेर, हाताला धरलेला दहा-अकरा वर्षांचा मुलगा. मुलाच्या पोटरीवर पट्टी आहे. व्हरांड्यातला आवाज एकदम खाली येतो.

"या रजिस्टरात ह्याचा मालक कोण लिहिलाय, ते मला दाखवा," बाई मला म्हणतात.

मी रजिस्टर त्यांच्याकडं फिरवतो. लाल्याची नोंद नाही. अजून व्हायची आहे.

बुधवारी संध्याकाळी शिकवणीहून सायकलवर येताना झालं. मुलानं घंटी वाजवली, लाल्या मागं लागला, मुलगा पडला. आईनं नळाखाली पाय धरून साबणानं पंधरा मिनिटं धुतला, हे त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे, पण त्यापेक्षा मोठा पहिला उपचार नाही. त्याच रात्री दवाखान्यात पहिली सुई. जखमेतून रक्त आलेलं, म्हणून जखमेतही वेगळं औषध टोचलं. "तेव्हा ओरडला हा," आई सांगतात, "मला वाटलं याच्या जागी मी का नाही." काल, शनिवारी, दुसरी झाली. येत्या बुधवारी तिसरी.

"डॉक्टर म्हणाले कुत्र्यावर लक्ष ठेवा. मी टपरीवर गेले. हे म्हणाले आमचा नाही. साहेबांकडं गेले. साहेब म्हणाले मी फक्त भात देतो. ह्या मुली म्हणाल्या आम्ही भूतदया म्हणून. मग लक्ष कोण ठेवणार, मी?"

कोणी काही बोलत नाही. टपरीवाले भाऊ आलेले आहेत, खांद्यावर फडकं. साहेबही आहेत. बहिणींपैकी धाकटी आहे.

साहेब घसा साफ करतात. वाचणारे गृहस्थ आहेत. ते सांगतात की ऑगस्टच्या ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलून निवारागृहात ठेवायला सांगितलं होतं, बावीस तारखेला तीन न्यायमूर्तींनी ते बदललं : नसबंदी आणि लस करून जिथून उचललं तिथंच सोडा, पिसाळलेली आणि अंगावर धावणारी सोडू नका, खायला ठरलेल्या जागीच घाला. "म्हणजे आम्ही खाऊ घालतो म्हणून आम्ही मालक, असं कायद्यात कुठं नाही," ते म्हणतात.

"आपल्या नागपूर खंडपीठानं म्हटलं होतं की," मंडळातला एक वकिलीचं शिकणारा पोरगा तोंड घालतो. "२०२२मध्ये. खाऊ घालायचं असंल तर दत्तक घ्या, घरी न्या."

"त्याला स्थगिती मिळाली सुप्रीम कोर्टात. महिन्याभरात."

दोघांचंही खरं आहे. आणि भांडण आजचं नाही. १८३२च्या जून महिन्यात मुंबईच्या फोर्टात पोलिसांनी भटकी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली होती, दुकानं बंद, दंगा, लष्कर बोलवावं लागलं. कुत्रा कुणाचाच नाही आणि म्हणून सगळ्यांचा, हा पेच दोनशे वर्षं न्यायाधीशांनाही सुटलेला नाही. या व्हरांड्यात तो सुटण्याची चिन्हं नाहीत. मुलाची आई मात्र कायद्याकडं बघत नाहीये. तिची नजर लाल्याच्या तोंडावर आहे, लाळ गळते आहे का ते बघते आहे.

लाळ गळत नाहीये. लाल्या बसलाय, जीभ बाहेर, धापा टाकत. ब्रूनोच्या पुड्यातून सांडलेलं एक बिस्कीट त्यानं खाल्लंसुद्धा.

"द्या मॅडम याले सुई," सुतळी धरलेला पोरगा म्हणतो. "संपवा विषय."

डॉक्टरबाई हातमोजे बदलतात, जवळ येतात, लांबूनच त्याचे डोळे, चाल, जबडा बघतात. मग मान हलवतात.

"याला आज लस नाही."

एकच गलका होतो. ज्याच्यासाठी हे सगळं, त्यालाच नाही? साहेबसुद्धा चकित होतात. बाई हात वर करून गप्प करतात आणि मुलाच्या आईकडं बघून बोलतात, बाकीच्यांकडं नाही.

"ताई, ऐका. रेबीज असलेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो त्याची लक्षणं दिसायच्या थोडे दिवस आधी. एकदा आला की कुत्रं दहा दिवसांत आजारी पडतं, मरतं. म्हणून चावल्यापासून दहा दिवस ते धडधाकट राहिलं, तर चावलं तेव्हा लाळेत रेबीज नव्हता हे नक्की. तुमची खात्री या दहा दिवसांत आहे. मी आता सुई दिली आणि उद्या हे मलूल पडलं, तर लसीमुळं पडलं की रोगामुळं, हे मलाही सांगता यायचं नाही. बुधवारपासून धरा. शनिवारपर्यंत याला बांधून ठेवायचं. खाणं-पाणी द्यायचं, रोज बघायचं. पळून गेलं तर तुमची खात्री पळाली. शनिवारी मी स्वतः येऊन लस देते. आणि तुमच्या मुलाच्या सुया चालूच ठेवायच्या, दवाखान्यात विचारल्याशिवाय एकही सोडायची नाही."

म्हणजे व्हरांड्यातल्या सगळ्या कुत्र्यांत आज मालक हवाच असा एकच आहे, आणि नेमका त्यालाच नाही. जगात दरवर्षी साठेक हजार माणसं रेबीजनं मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, जवळजवळ सगळी कुत्र्याच्या चाव्यानं. गावातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर साखळी तुटते, हाही हिशेब आहे. ब्रूनो, हस्की, राणी, मोती यांच्या जोरावर सत्तर टक्के होणार नाहीत. लाल्यासारखे धरावे लागतील. आणि धरायला कुणाचा तरी हात लागतो, ज्याला तो चावणार नाही असा.

तो हात इथं आहे. तीन-चार जणांकडं आहे. आत्तासुद्धा सुतळी ताणून लाल्या टपरीवाल्या भाऊंच्याच पायाशी सरकलाय.

"बांधाचं कुठं?" भाऊ पहिल्यांदा तोंड उघडतात. "टपरीवर बांधलं तर गिऱ्हाईक येनार नाही."

"माझ्या गेटच्या आत बांधा," साहेब म्हणतात. मग लगेच, "दिवसा. रात्री भुंकेल. मिसेसना झोप लागत नाही."

"रात्री आमच्या पार्किंगमध्ये चालेल," धाकटी बहीण म्हणते. "सेक्रेटरींना मी सांगते."

"दसऱ्याले फटाके फुटतीन," कुणीतरी मागून. "सुतळी तोडून पळंल तो."

"साखळी आणा मग! सुतळीवर कोण ठेवतं!" हे मुलाच्या आईचं. आवाज चढलेला. "जाड साखळी. आणि पट्टा. पैसे मी देते हवं तर."

"पैसे नका देऊ वैनी," भाऊ म्हणतात. "साखळी हाय माझ्याकडं. सायकलची जुनी."

मी पेन उघडून बसलो आहे. अनुक्रमांक टाकला. प्राण्याचे नाव : लाल्या. जात : देशी. लिंग : नर. वय : "चार असंल," भाऊ म्हणतात, "लॉकडाऊन उठल्यावर आला हा." साहेबांचं म्हणणं पाच. त्यावर दोघांची हुज्जत होते, आणि ज्या तपशिलानं ती होते, कुठल्या पावसाळ्यात पाय मोडला होता, कुणी हळद लावली, कुणी दुधाच्या पिशवीचा पट्टा बांधला, ते ऐकून मुलगा आईचा हात सोडून एक पाऊल पुढं येतो. आई त्याला मागं ओढते.

"मालकाचे नाव?" मी विचारतो.

भाऊ साहेबांकडं बघतात. साहेब छपराकडं.

"सरकारी कागद आहे का हा?" साहेब विचारतात. "उद्या काही झालं तर केस वगैरे?"

"लसीचं रजिस्टर आहे साहेब," डॉक्टरबाई म्हणतात. "शनिवारी मला फोन कुणाला लावायचा, एवढंच हवंय."

"मग माझं लिवा," भाऊ म्हणतात. नाव सांगतात, मोबाइल सांगतात. मी लिहितो. साहेबांना काय वाटतं कोण जाणे, ते पुढं होऊन म्हणतात, "खाली माझंही. दिवसा माझ्याकडं आहे तो." रकाना अरुंद आहे. मी दोन्ही नावं एकावर एक बसवतो, तिसरं बहिणीचं समासात जातं. डॉक्टरबाई वाकून बघतात, काही बोलत नाहीत. मागं पॉमेरेनियनवाल्या बाई घड्याळ दाखवत आहेत.

"शेऱ्यात काय लिहू?"

"लिहा," मुलाची आई म्हणते, "शनिवारपर्यंत बांधून ठेवणे. आणि माझा नंबर लिहा. रोज संध्याकाळी मला फोन करून सांगायचं, कसा आहे ते. खातोय का, पाणी पितोय का."

"फोन कायले," भाऊ सुतळी पोराच्या हातातून आपल्या हातात घेत म्हणतात. "पोराले घेऊन या ना रोज, पाहून जा डोळ्यानं. चहा पाजतो."

"चहा नको," आई म्हणते. "आधी ती साखळी दाखवा."